नकाशावर देव दाखवायचा की नाही?

बांबूबन | सोमवार, रात्री ९.२०

मंडळी, दोनेक वर्षं इथे नुसता वाचतोय. आज धागा काढतोय, कारण खरंच अडलोय.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावाला सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर होऊन काही वर्षं झाली. (गावाचं नाव देत नाही, का ते पुढे कळेलच.) आता त्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करायचाय. कुठल्या कक्षातला बांबू कोणत्या वर्षी तोडायचा, तेंदूपत्ता, मोह, जाळरेषा, रोपं कुठे लावायची, हे सगळं. माझ्याकडे नकाशाचं काम. उन्हाळ्यात गावातल्या चौघांबरोबर बारा दिवस जंगल पालथं घातलं. हद्दी घेतल्या, नाले घेतले, बांबूची बेटं मोजली. चालता चालता ही माणसं मध्येच थांबायची, चपला काढायची. विचारलं की सांगायची, इथे पेन (म्हणजे गोंडांचा देव) आहे. इथे आमच्या मयतांचे दगड आहेत. या मोहाला कुऱ्हाड लावत नाहीत. एक दिवस तर पंचाहत्तरीचे गायता (गावचे पुजारी) आजोबा स्वतः काठी टेकत आले आणि मुख्य पेनठाण्याची जागा दाखवून गेले. मीही चपला काढल्या, पिशवीतला नारळ फोडला आणि जीपीएसचं बटण दाबलं. असे अकरा पॉइंट झालेत.

प्रश्न असा की हे अकरा पॉइंट आराखड्यात टाकायचे का? टाकले तर आराखडा तालुक्याला जाणार, जिल्ह्याला जाणार, त्याची पीडीएफ होणार आणि आठ दिवसांत कुठल्यातरी ग्रुपवर फिरणार. दगडांखाली गुप्तधन शोधत फिरणारे महाभाग आमच्याकडे कमी नाहीत. नाही टाकले, तर उद्या रस्ता आला, खाण आली, नाहीतर कुणी लागवडीसाठी खड्डे खणायला आलं, की म्हणणार, "कागदावर इथे काहीच नाही."

येत्या रविवारी ग्रामसभा आहे. तुम्ही काय केलं असतं?

---

रेघोट्या | सोमवार, रात्री ९.२६

पहिला! (मुद्द्याचं उद्या लिहितो, आत्ता भाकरी तव्यावर आहे.)

---

कागदी_घोडे | सोमवार, रात्री १०.०५

वकिली डोक्याने लिहितो, रागावू नका.

टाकाच. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ वाचा. आपल्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला धक्का लावणाऱ्या कुठल्याही गोष्टीपासून अधिवास राखायचा, असा अधिकार त्यात ग्रामसभेला दिलेला आहे. भीक नव्हे, अधिकार. आणि नियम १३ मध्ये पुरावा म्हणून काय काय चालतं त्या यादीत पवित्र झाडं, देवराया, तळी, दफनाच्या नि दहनाच्या जागा चक्क नावानिशी आहेत. म्हणजे कायदाच म्हणतोय, तुमचा देव हा तुमचा सातबारा आहे.

ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर दुसरं काय झालं? १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोंगरिया कोंधांच्या नियमराजाच्या पूजेच्या हक्काला खाणीमुळे बाधा येते की नाही, हे ग्रामसभांनी ठरवावं. त्या पावसाळ्यात बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही गावांनी नाही म्हटलं. देव बोलला नसता तर तो डोंगर आज बॉक्साइट झाला असता.

---

चिवडा_लाडू | सोमवार, रात्री १०.११

"तुमचा देव हा तुमचा सातबारा आहे." वा! टीशर्टवर छापून घ्या वकीलसाहेब.

---

रायवळ | सोमवार, रात्री १०.४८

अजिबात टाकू नका. अनुभवाचे बोल आहेत, घसा कोरडा करून सांगतोय.

आमच्या गावची देवराई, दक्षिण रत्नागिरीतली. लहानपणी आजीबरोबर जायचो. पायवाट संपते तिथून काळोख सुरू. किंजळ, सातवीण, आणि अंगावर यावी अशी गारंबीची वेल, मांडीएवढी जाड. आत दगड. मूर्ती नाही, छप्पर नाही, चार काळे दगड आणि त्यांच्यासमोर मातीचे घोडे. आजी म्हणायची, काटकीसुद्धा उचलायची नाही, पडलेला आंबासुद्धा तिथेच खायचा.

पंधरा वर्षांपूर्वी आमच्यातल्याच एका हौशी मास्तरांनी माहिती गोळा केली, पेपरात छापून आणली. चांगल्या मनाने केलं, त्यांना दोष देत नाही. पुढच्या वर्षी फाट्यावर पाटी लागली. मग निधी आला. निधी आला की खर्च करावा लागतो. मग जीर्णोद्धार! मधली अकरा झाडं "पडायला आलेली" निघाली. चार दगडांना आता स्लॅब आहे, फरशी आहे, स्टीलचं रेलिंग आहे आणि पेव्हर ब्लॉकचा रस्ता पार देवाच्या पायापर्यंत. मातीचे घोडे कुठे गेले म्हणून विचारलं तर म्हणाले, साफसफाईत गेले. मागच्या मे महिन्यात एक पोरगा ड्रोन उडवत होता.

कुऱ्हाडीने गेली नाही हो आमची राई. पाटीने गेली.

---

टोकदार | सोमवार, रात्री ११.३०

मी उलट्या बाजूने बोलतो, म्हणजे धाग्यात जान येईल.

प्रत्येक नाल्यावर देव, प्रत्येक टेकडीवर पूर्वज, प्रत्येक मोह पवित्र. मग तोडायचं काय? जंगल सांभाळून त्यातून उत्पन्नही काढायचं असेल तर कुठेतरी कुऱ्हाड चालणारच ना? बांबू विकून पैसे हवेत म्हणून तर गावाने आराखडा करायला घेतलाय. एकदा काय ते यादी करून मोकळे व्हा. यादीतलं राखा, बाकीचं व्यवस्थित तोडा. गुपितं ठेवून व्यवस्थापन होत नसतं.

---

जुनाकूप | मंगळवार, सकाळी ६.१५

वनखात्यातून निवृत्त. पहाटे उठायची खोड गेली नाही.

टोकदार यांच्याशी अर्धा सहमत. आमच्या कार्य आयोजनेत (खात्याच्या जंगल आराखड्यात) अशा जागा वगळता येतात, पण वगळायला आधी कळायला तर हव्यात! एक प्रसंग सांगतो.

१९८८. एका कूपात, म्हणजे त्या वर्षी तोडायच्या पट्ट्यात, मार्किंग चालू होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तोडायच्या झाडाची साल दोन ठिकाणी तासतात, एकदा छातीच्या उंचीवर आणि एकदा अगदी बुडाशी. दोन्हीकडे हातोड्याचा ठसा मारतात. खालचा ठसा कशासाठी? तर झाड गेल्यावर खुंटावर तो दिसला पाहिजे, नाहीतर ती चोरी. तर दुपारच्याला एक थोराड बीजा समोर आला. दोघांच्या कवेत मावणार नाही असा, वर आग्या मोहळाची दोन पोळी लोंबतायत. मजुराने छातीच्या उंचीवर साल तासली. बीजा तासला की लाल रस पाझरतो, बघणाऱ्याला रक्तच वाटावं. हातोडा अजून पडायचा होता.

एवढ्यात कुठून कोण जाणे, एक म्हातारा आला. एक शब्द बोलला नाही. खाली वाकला, ओली माती घेतली आणि त्या जखमेवर लिंपायला लागला. सावकाश, लहान पोराच्या गुडघ्याला औषध लावावं तसा. मी विचारलं, "आजोबा, देवाचं झाड आहे का?" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

मी हातोडा थांबवला. पण रजिस्टरला कारण काय लिहायचं? "देव आहे" असा रकाना नव्हता. मी लिहिलं, "पोकळ."

म्हणून सांगतो, नकाशावर टाका. प्रत्येक वेळी रेंजर मातीने लिंपलेली जखम बघेलच असं नाही. आमच्यातले कितीतरी जण बघूनही न बघितल्यासारखं करायचे.

---

रेघोट्या | मंगळवार, सकाळी ९.०२

जुनाकूप काका, दंडवत. "पोकळ" वाचून अंगावर काटा आला.

(भाकरी करपली काल.)

---

कोयतूर_पोरगा | मंगळवार, दुपारी १.४०

मी गोंड आहे, कोरची तालुक्याकडचा, सध्या शिक्षणासाठी नागपूरला. सगळे आमच्याबद्दल बोलतायत तर मीपण बोलतो.

पहिली गोष्ट, पेनठाणा म्हणजे किल्ला किंवा लेणं नव्हे की पाटी लावली आणि तिकीट ठेवलं. पेन कुणाचा, कोणत्या कुळाचा, कोण चार देवे (चार देव मानणारं कूळ), कोण सहा देवे, कोण सात, त्यावर कुणी कुठे जायचं ते ठरतं. मला स्वतःला सगळीकडे जाता येत नाही. मग पीडीएफ उघडणाऱ्याला का जाता यावं?

दुसरी गोष्ट, टोकदार भाऊ, "प्रत्येक मोह पवित्र" असं कुणी म्हटलंच नाही. आमच्यात मरका पंडुम झाल्याशिवाय नवा आंबा तोंडाला लावत नाहीत. शहरात याला अंधश्रद्धा म्हणतात. पण कोवळा आंबा कोणी ओरबाडत नाही, कोय पक्की होते, हे पण होतंच ना? तुमच्या आराखड्यात त्याला "विहित कालावधी" म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात.

एवढं बोलून पण मी म्हणतो, नोंद करा. तुम्हाला वाटेल हा आपल्याच विरुद्ध बोलतोय. ऐका. माझा आजा दोन वर्षांपूर्वी गेला. जंगलातल्या तीन जागा फक्त त्याला माहीत होत्या. बाबांना एक अर्धी माहीत आहे, नाल्याच्या पलीकडे म्हणतात. मी शाळेपासून आश्रमशाळेत, मग हॉस्टेलवर. मला कोण दाखवणार होतं? आजा गेला आणि त्याच्याबरोबर जागा पण गेल्या. रायवळ काकांची देवराई पाटीने गेली, आमची न सांगता गेली.

---

रायवळ | मंगळवार, दुपारी २.३०

पोरा, तुझं म्हणणं मनाला लागलं. याला माझ्याकडे उत्तर नाही.

न्यायाने हेही सांगायला हवं की बाहेरच्याला सांगून वाचलेलीही राई आहे. १९७० च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळत होते. तेव्हा श्रीवर्धनकडच्या गाणी गावच्या लोकांनी त्यांच्याकडे धाव घेतली होती, आमची राई तोडायला निघालेत, वाचवा म्हणून. लोकांनी आपणहून सांगितलं, आपल्याला हव्या त्या माणसाला. आमच्याकडे मास्तरांनी कुणाला विचारलंच नव्हतं. फरक असेल तर तिथे असेल.

---

मेळघाटी | मंगळवार, सायंकाळी ७.१०

मी कोरकू नाही, पण त्यांच्या गावांत मास्तरकी केली. मेळघाट म्हणजे १९७३-७४ च्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, आणि त्याआधीपासून सागाचं जंगल. म्हणजे इथलं झाड आधी लाकूड होतं, मग वाघाचं घर झालं. कोरकूंचं कधी होतं हे विचारायची वेळच आली नाही.

कोरकूंमध्ये मेलेल्या माणसाच्या नावाने सागाचा मुंडा कोरतात. फळीवर वर चंद्र-सूर्य, खाली घोडेस्वार. तो गावाशेजारच्या झाडाखाली रोवतात. ऊनपाऊस खात तो करडा होतो, भेगाळतो, पण घोड्याचा पाय कुठे हे बोट फिरवलं की कळतं. एका गावाचं पुनर्वसन ठरलं तेव्हा मी मोजणीला मदत करत होतो. घर किती खणाचं, विहीर कच्ची की पक्की, आंब्याची झाडं किती, सगळ्याला रकाने. मुंड्यांना रकाना नाही. मी साहेबांना विचारलं तर म्हणाले, "मास्तर, ते लाकूड आहे, इमारत नव्हे." आणि गंमत बघा, तेच लाकूड बैलगाडीत घालून नव्या गावी न्यायला निघालो असतो तर सागाच्या वाहतुकीचा परवाना मागितला असता!

मुंडे तिथेच राहिले. गावचा मुठवा देवही तिथेच राहिला, त्याचे दगड. लोक नव्या वस्तीत नवा मुठवा मांडून बसलेत. सणाला जुन्या जागी जायला परवानगी कधी मिळते, कधी नाही. न मिळाली तर जायचं राहतं असं मात्र नाही.

तेव्हा बांबूबन, तुमच्या अकरापैकी ते दगडांचं ठिकाण नक्की टाका, एवढंच म्हणेन.

---

सीडरकाठी | बुधवार, सकाळी ८.२५

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरून लिहितेय, तुमची सकाळ म्हणजे माझी रात्र. मूळची नाशिकची, इथे जंगल सर्वेक्षणात नोकरी करते. त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही.

ब्रिटिश कोलंबियात मूळनिवासी लोक शेकडो वर्षं लाल सीडरची साल काढत आलेत. वसंत सरता सरता झाडात रस चढतो तेव्हा बुडाशी आडवी खाच करायची, सालीची पट्टी धरून मागे मागे चालत जायचं. पट्टी वर निमुळती होत होत सुटते. त्या सालीच्या टोपल्या, दोर, चटया होतात. झाड मरत नाही. जखमेच्या दोन्ही कडांनी नवी साल ओठासारखी वाढत येते. अशी झाडं इथल्या तोडीच्या जंगलात हजारोंनी उभी आहेत. जुनाकूप काका, तुमचा बीजा वाचून मला तीच आठवली.

आता कायद्याची गंमत ऐका. साल १८४६ च्या आधी काढलेली असेल तर ते झाड वारसा कायद्याने आपोआप संरक्षित. १८५० मध्ये काढली असेल तर नाही! म्हणून आम्ही झाडाला बारीक पोकळ गिरमिट लावून वर्तुळं मोजतो. पणजीने सोललेलं झाड वारसा आणि तिच्या लेकीने सोललेलं झाड लाकूड, असा हिशोब. ज्यांची झाडं आहेत ते लोक यावर हसतात तरी किंवा संतापतात तरी.

पण बांबूबन यांच्या प्रश्नाला उपयोगी अशी एक गोष्ट इथे आहे. अशा जागांची नोंद सरकारदरबारी होते, पण नेमकं ठिकाण सामान्य माणसाला उघडून दिसत नाही. ज्याला कामासाठी हवं त्याने रीतसर अर्ज करून प्रवेश मिळवायचा. नोंद करणं आणि जाहीर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इथे निदान कागदावर तरी मान्य आहे.

अवांतर: हे सगळं सुखासुखी मिळालेलं नाही. १९८४ मध्ये मीअर्स बेटावर लाकूडतोडे उतरणार म्हटल्यावर त्ला-ओ-क्वी-आट लोकांनी बेट आपलं उद्यान म्हणून जाहीर केलं आणि वाट अडवली. पुढच्या वर्षी कोर्टाने तोड थांबवली.

---

कागदी_घोडे | बुधवार, सकाळी ९.५०

सीडरकाठीताई, नोंद आणि जाहीर यातला फरक फार नेमका मांडलात. मी माझं म्हणणं थोडं सोडतो.

नियम १३ चा पुरावा दाव्यासाठी लागतो. या गावाचा दावा मंजूर झालेला आहे, म्हणजे पुरावा द्यायची वेळ टळली. आराखड्याला पुरावा लागत नाही, निर्णय लागतो. ग्रामसभेने ठराव केला की अमुक क्षेत्रात तोड नाही, तर "का नाही" हे सविस्तर सांगायला ती बांधील आहे असं मला वाटत नाही. खरं कारण गावाच्या दप्तरात राहू द्या. कोर्टात जायची वेळ आली तर तेव्हा बाहेर काढा.

---

जुनाकूप | बुधवार, सकाळी १०.१५

वकीलसाहेब, ठीक. पण "आम्ही कारण सांगत नाही" म्हणणाऱ्याच्या फाईलवर साहेब काय शेरा मारतात हे मी तीस वर्षं बघितलंय.

आणि आमच्या खात्याला अगदीच औरंगजेब समजू नका. आलापल्लीला वनवैभव आहे, ६ हेक्टरचा तुकडा. १९५३ पासून तिथे कुऱ्हाड लागलेली नाही. जंगल मुळात कसं होतं ते पुढच्यांना दिसावं म्हणून राखलाय. २०१४ ला त्याला जैविक विविधता वारसा स्थळाचा दर्जाही मिळाला. तिथल्या सागाखाली उभं राहून वर बघा, टोपी पडते.

---

चिवडा_लाडू | बुधवार, सकाळी १०.१९

म्हणजे वनखात्याचीही देवराई आहे तर. देव कोण, मुख्य वनसंरक्षक?

---

जुनाकूप | बुधवार, सकाळी १०.२२

नवसाला मात्र पावत नाहीत. मी बदलीसाठी तीनदा बोललो होतो.

---

टोकदार | बुधवार, दुपारी १२.००

काका तुम्हीच मुद्दा दिलात. ६ हेक्टर खात्याने राखलं तर "संवर्धन", आणि गावाने राखलं तर त्याला दाखला मागायचा. हे मात्र बरोबर नाही. मी अजूनही यादीच्या बाजूने आहे, पण यादी कुणाच्या कपाटात राहावी यावर विचार करतोय.

---

गवळण_नव्हे | बुधवार, दुपारी ३.३५

दोन दिवस वाचतेय. एक साधा प्रश्न कुणालाच पडला नाही का?

बांबूबन, तुम्ही "गावातल्या चौघांबरोबर" फिरलात. चौघे पुरुष ना? आणि आजोबाही पुरुष. मग तुमचे अकराही पॉइंट पुरुषांचेच असणार. मी पालघरच्या बाजूला आरोग्याच्या कामात होते. वारली बायकांबरोबर रानात गेले की त्या मला दाखवायच्या, कडू कंद कुठे निघतात, चुलीची माती कुठली, बाळंतिणीला पाजायचं मूळ कुठल्या ओढ्याकाठी. वाघोबाचा दगड पुरुष दाखवायचे, सगळे दाखवायचे, त्यावर वाघ कोरलेला असतो, फोटो छान येतो. कंदाच्या जागेचा फोटो काय काढणार, नुसता खड्डा! पण त्या जागी रोपवन झालं तेव्हा पावसाळ्यात भाजीचे वांधे कुणाचे झाले?

आणि दुसरं. सगळंच्या सगळं राखायचं म्हणता, त्यात आम्हाला मनाई असलेल्या जागाही आल्या. तिथे आम्ही काय करायचं? बाहेर उभं राहून संवर्धन?

---

बांबूबन | बुधवार, रात्री ९.००

गवळण_नव्हे, कानाखाली वाजली. हो, चौघेही पुरुष. बायका तेंदूपत्त्याच्या कामावर होत्या म्हणून "सवड नव्हती" असं मी अहवालात लिहिलंय. रविवारच्या आधी दोन दिवस पुन्हा जातो.

---

सत्तरीकार | बुधवार, रात्री ९.४०

गोव्यातून. आमच्या सत्तरीत निरंकाराची राय आहे, रानजायफळाची दलदल, गुडघ्यासारखी मुळं चिखलातून वर आलेली. आता लोक बघायला येतात. झाडं राहिली आहेत, पण शांतता? एवढंच.

---

मोहाचा_मोह | बुधवार, रात्री ११.१०

नकाशा राहू द्या, त्या कुऱ्हाड न लावायच्या मोहाची फुलं कोण वेचतं? पहिल्या धारेची मिळते का तिकडे? पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.

---

रेघोट्या | बुधवार, रात्री ११.१४

हे बघा, यासाठीच नकाशा देऊ नका म्हणत होते लोक.

---

संपादक | गुरुवार, सकाळी ८.००

मोहफुलांच्या पेयावरचे सतरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. कृपया विषयावर राहा.

---

कोयतूर_पोरगा | शुक्रवार, रात्री ८.३०

बांबूबन दादा, ग्रामसभेत माझ्याकडून एक विचारा. नकाशा नको असेल तर नको, पण आम्हा पोरांना चालत नेऊन दाखवा. एकदा तरी. सुट्टी कधी असते ते आम्ही सांगतो.

---

बांबूबन | सोमवार, रात्री १०.३०

ग्रामसभा झाली. दुपारी बारापासून दिवेलागणीपर्यंत. उशिरा लिहितोय कारण डोकं अजून भणभणतंय.

आधी बायकांचं. शुक्रवारी-शनिवारी सहा जणींबरोबर फिरलो. त्यांनी चार ठिकाणी कंद दाखवले, एक झरा दाखवला, आणि एक उतार, जिथली पांढरी माती भिंती सारवायला आणतात. मी भीतभीत विचारलं, हे नकाशावर टाकू का? तर एक मावशी म्हणाल्या, "टाक ना बाप्पा, मोठ्ठं टाक! मागच्या साली इथंच सागाच्या रोपाचे खड्डे खंदले होते." म्हणजे देवाचं गुपित आणि कंदाचा बोभाटा. मी नेमकं उलटं धरून चाललो होतो.

मग पडद्यावर नकाशा लावला, अकरा लाल ठिपक्यांचा. बराच वेळ कोणी बोलेना. मी वकीलसाहेबांचा मुद्दा सांगितला, कॅनडाची गोष्ट सांगितली (१८४६ वर सगळे हसले), रायवळ यांच्या पेव्हर ब्लॉकची सांगितली (त्यावर कोणी हसलं नाही). जुनाकूप काकांचा बीजाही सांगितला. तासभर गोंडीत चर्चा झाली, मला चौथा हिस्सा कळली. शेवटी ठरलं ते असं: ठिपके सगळे काढायचे. त्याऐवजी तीन कक्षांचा मिळून मोठा सलग पट्टा "तोड नाही, लागवड नाही, रस्ता नाही" म्हणून रंगवायचा. कारणाच्या रकान्यात "ग्रामसभा ठराव", पुढे तारीख. त्या पट्ट्यात देव कुठे आहे, आहे की नाही, हे बाहेरच्याने शोधत बसावं. बांबूचं उत्पन्न थोडं कमी होईल, ते किती हेही त्यांनी तिथेच बोटांवर मोजलं आणि मान्य केलं. एक तरुण विरोधात होता, त्याचं म्हणणं टोकदार यांच्यासारखंच. त्याचंही नाव इतिवृत्तात आहे.

कोयतूर_पोरगा, तुझं मागणं मांडलं. मान्य. मरका पंडुमच्या आधी हॉस्टेलवरच्या पोरांना घेऊन जाणार. पोरींनाही घ्या असं बायकांनी म्हटलं. त्यावर वादावादी झाली, निम्म्या जागांवर तडजोड झाली, निम्म्या पुढच्या सभेवर. अट एक, फोन घरी ठेवायचे.

आता खरी गंमत. सभा संपल्यावर मी गायता आजोबांच्या शेजारी बसलो आणि त्यांच्यासमोरच लॅपटॉपवरून ते अकरा पॉइंट उडवायला लागलो. म्हटलं, आजोबा, हा बघा पेनठाण्याचा, हा पुसला. आजोबांनी डोळे बारीक करून पाहिलं, नातवाला काहीतरी म्हणाले आणि दोघं खो खो हसायला लागले. नातू म्हणाला, "सर, पुसा नाहीतर ठेवा. आजोबांनी तुम्हाला तिकडे नेलंच नव्हतं. ते साधं झाड आहे."

मी तिथे चपला काढल्या होत्या हो. नारळ फोडला होता.

---

चिवडा_लाडू | सोमवार, रात्री १०.३८

मेलो!! हसून हसून. आजोबा रॉक्स.

---

कोयतूर_पोरगा | सोमवार, रात्री १०.५१

धन्यवाद दादा. आणि वाईट वाटून घेऊ नका. माझ्या आज्याने पण एका साहेबाला आमचं गोठ्यामागचं झाड दाखवलं होतं म्हणे.

---

रायवळ | सोमवार, रात्री ११.०५

आमच्याकडे असा एक म्हातारा असता तर.

---

जुनाकूप | मंगळवार, सकाळी ५.५५

रात्रभर झोप नाही. ३५ वर्षं मी तो बीजा नातवंडांना देवाचं झाड म्हणून सांगत आलोय. वर आग्या मोहळाची दोन मोठी पोळी होती, लिहिलं होतं ना मी? त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर दोर होता आणि कमरेला मडकं. आत्ता आठवलं.

---

रेघोट्या | मंगळवार, सकाळी ६.४०

काका, तुम्ही "पोकळ" लिहिलंत, त्याने "देव" म्हणून मान हलवली. फिट्टंफाट.